माशीच्या डोळ्यातले हिस्टामीन

चेतापेशीने सोडलेला न्यूरोट्रान्समीटर (एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रसायन) निरोप पोहोचताच नष्ट होतो, असा समज सर्रास आढळतो. काही रसायनांचे खरोखर विघटन होते, म्हणून तो रुजला असावा. पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीच्या डोळ्यात मात्र वेगळे घडते.

तिथे प्रकाशग्राही पेशी (उजेड टिपणाऱ्या पेशी) हिस्टामीन सोडतात. ॲलर्जीत आपल्याला शिंका आणणारे तेच रसायन. ते रेंगाळले तर पुढचा निरोप पुसट होईल. म्हणून शेजारच्या ग्लिया (चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी) ते शोषून घेतात. 'एबनी' नावाचे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) त्याला बीटा-ॲलनीन जोडते आणि निष्क्रिय कार्सिनीन तयार होते. धार लावलेली सुरी कागदात गुंडाळून घरी आणावी, तसेच हे. कार्सिनीन प्रकाशग्राही पेशीत परतले की 'टॅन' हे विकर वेष्टन सोडवते आणि हिस्टामीन पुन्हा वापराला तयार होते. थोडे हिस्टामीन नव्यानेही बनत असते.

विलक्षण म्हणजे ही दोन्ही नावे रंगांची आहेत. एबनी बिघडलेली माशी काळसर, टॅन बिघडलेली फिकट दिसते, कारण हीच विकरे तिच्या कवचाचा रंगही ठरवतात. अशा माशांच्या डोळ्यांना उजेड जाणवतो. पण निरोप पुढे नीट जात नाही.