सप्टेंबरची ईद ते जूनची ईद

2016च्या एप्रिलात मिरज जंक्शनवरून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष मिरजेकडे लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. कृष्णेचं पाच लाख लिटर पाणी घेऊन ती 12 एप्रिलला लातूरला पोचली. त्याच दिवसांत आमच्याच जिल्ह्यात जत-कवठेमहांकाळच्या बाजूला टँकर आला तरच घागर भरायची, आणि तिकडची जनावरं मिळेल त्या किमतीला बाजारात उतरत होती. आमच्याकडे शेळ्या आल्या त्या त्या उन्हाळ्यात. मिरज तालुक्याच्या पूर्वेला, आरग-बेडगच्या पट्ट्यात आमचं थोडंसं रान. दारातल्या म्हशीचं पाणी आणि वैरण झेपेना, म्हणून आत्याबाईंनी म्हैस विकली आणि तिच्या पैशांत उस्मानाबादी शेळ्या आणल्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, दोन वेतं झालेल्या. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, या शेळ्यांनी आम्हाला श्रीमंत केलं नाही; पण त्यानंतर एकाही लग्नाला, दवाखान्याला की शाळेच्या फीला सावकाराच्या दारात उभं राहावं लागलं नाही. शेळीपालनाबद्दल जे काही बोलायचं ते एवढ्यावर पाय रोवून बोलावं, असं मला वाटतं.

पहिली दोन वर्षं चाऱ्याची काळजी फारशी पडली नाही, ती पानमळ्यांमुळे. आमच्या भागात खाऊच्या पानांचे मळे जुने. पानवेल चढवायला शेवरी, शेवगा, पांगारा लावतात. वेलीला ऊन मिळावं म्हणून शेवरी वरचेवर खुडावी लागते, आणि तो खुडलेला पाला शेळीला खव्यासारखा लागतो. मळेकऱ्याचं काम व्हायचं, आमचा भारा व्हायचा. पानमळ्यात मजुरीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या दारात दोन-दोन शेळ्या या पाल्यावरच उभ्या राहिल्या. पुढं एकेक मळा मोडत गेला. त्या जागी द्राक्षं आली, म्हैसाळ योजनेचं पाणी फिरलं तिथं ऊस आला. ऊस आला म्हणजे वाढं आलं, पण नुसत्या वाढ्यावर शेळी तग धरत नाही. वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि गाभण शेळीला ते फार बाधतं. द्राक्षाच्या छाटणीचा पाला एप्रिलात आणि ऑक्टोबरात ढिगाने पडतो, शेळ्या त्यावर तुटून पडतात. पण त्या पाल्यावर मोरचूद-चुन्यापासून नाना औषधं मारलेली असतात. शेजारच्या बागेतला पाला मागायला गेलं की आत्याबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "फवारा कवा मारलासा?" उत्तर देताना माणूस अडखळला तर त्या रिकाम्या हाताने परत यायच्या. शेवटी बांधावर आम्ही स्वतःच शेवरी आणि दशरथ घास लावला. त्याला दोन पावसाळे गेले, पण आज दावण उभी आहे ती त्या बांधावर.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शेळीचा सगळा जमाखर्च मटणाच्या दरात आहे. आमच्याकडे तो निम्मा तरी बकरी ईदच्या तारखेत असतो. चंद्राचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. 2016 साली ती 13 सप्टेंबरला होती. म्हणजे बोकड सगळा पावसाळा बांधाबांधावरचं हिरवं खाऊन, अंगाने भरून बाजारात उभा राहायचा आणि त्या भरण्याला आमचा रुपया लागायचा नाही. 2025 साली ईद 7 जूनला आली. आता तोच बोकड कडक उन्हाळा काढून उभा राहतो. मार्च ते मे हिरवं नसतं, तेव्हा हरभऱ्याचं भुसकट, तुरीचा पाला, मक्याचा भरडा सगळं विकत. वजन तेच, भाव थोडा वाढलेला, खर्च मात्र कितीतरी वाढलेला. मिरजेचे गिऱ्हाईक बोकडाचे दात बघतात, वर्ष भरलेलं लागतं. कान फाटलेला, शिंग मोडलेलं, लंगडणारं जनावर कुर्बानीला चालत नाही. गावात मोकाट कुत्री वाढली तेव्हापासून कुत्र्याने कान ओरबाडलेला बोकड म्हणजे वर्षाच्या राखणीवर पाणी. ईद आता मे महिन्याकडे निघाली आहे. ज्यांना त्यासाठी बोकड राखायचे आहेत त्यांनी वैरणीचा हिशेब दिवाळीतच मांडायला हवा.

2019 साल मी विसरू शकत नाही. त्या वर्षी ईद 12 ऑगस्टला होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढत गेली आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. 2005चा पूर बघितलेली माणसंसुद्धा गप्प झाली. आम्ही उंचावर, आमच्या रानात पाणी आलं नाही. पण कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, मिरजेच्या आजूबाजूचे रस्ते तुटले, आणि ईदसाठी वर्षभर राखलेले बोकड दावणीलाच राहिले. व्यापारी पोचू शकले नाहीत आणि ज्यांच्या घरात पाणी होतं ते गिऱ्हाईक सण कसला करणार? नदीकाठचे पाहुणे आपली जनावरं घेऊन आमच्याकडे आले. आमच्या गंजीतला कडबा त्यांच्या म्हशींना गेला, ते योग्यच होतं. पण पुढच्या मे महिन्याची वैरण तिथंच संपली. राहिलेले बोकड श्रावणात कोण घेणार? त्यांना खाऊ घालत दिवस काढले. त्याच वर्षाच्या शेवटाला कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं. मटण महागलं म्हणून लोक रागावले होते, त्यांचा राग मी समजू शकते. पण पुरात किती करडं गेली, किती गोठे रिकामे झाले, हे त्या वादात फारसं कुणी बोललं नाही. दर चढतो तो दुकानात दिसतो, तो का चढतो ते गोठ्यात दिसतं.

मग 2020. मार्चमध्ये कोंबडीबद्दल अफवा उठली, कोंबडी कुणी घेईना आणि मटणाला मागणी आली. चार दिवस बरं वाटलं, तोवर टाळेबंदी लागली आणि बाजार बंद. त्या वर्षीची ईद 1 ऑगस्टला. सरकारने सांगितलं, जनावरांचे बाजार भरणार नाहीत, खरेदी फोनवर किंवा ऑनलाइन करा. माझ्या मुलीने बोकडांचे व्हिडिओ काढले, एकेकाला चालवून, वळवून, दात दाखवून, आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, वजन किती?" तोवर आमचे व्यवहार हाताच्या अंदाजाने व्हायचे. बाजारात दलाल टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबायचा, आकडा त्या दोघांतच राहायचा, आणि जनावर ज्याने वाढवलं तो बाजूला उभा. त्या दिवसांत आम्ही लोंबता काटा आणला. बोकडाच्या पोटाखाली पट्टा घालून उचललं की किलो समोर दिसतात. माझ्या मते या सगळ्या वर्षांत आमच्या धंद्यात एवढी मोठी सुधारणा दुसरी झाली नाही, आणि ती कुठल्या योजनेतून आली नाही.

काट्यावर दिसत नाही ते काम रात्रीचं. डिसेंबरातली एक रात्र सांगते. एक पहिलारू शेळी सांजेपासून कळा देत होती, पाण्याची पिशवी फुटून बराच वेळ झाला तरी करडू येईना. तोंड दिसत होतं, एकच खूर दिसत होतं, दुसरा पाय मागं दुमडलेला. शेळी अडली होती. डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या गावात म्हशीपाशी अडकलेले. आत्याबाईंनी नखं काढली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, खोबरेल लावलं. कळ थांबल्यावर करडाचं डोकं हलकेच आत सारलं, बोटाने दुमडलेला पाय चाचपडला, खूर तळव्यात झाकून घेतलं म्हणजे पिशवीला आतून ओरखडा जाऊ नये, आणि पाय सरळ करून पुढं आणला. पुढच्या कळेसरशी करडू बाहेर. नाकातोंडातला चिकटा पुसला, मागचे पाय धरून उलटं केलं, तेव्हा ते शिंकलं. नाळ दोऱ्याने बांधून कापली, आयोडीन लावलं, आणि पाठोपाठ दुसरं आलं ते आपलं आपण. अर्ध्या तासाच्या आत दोन्ही करडांच्या तोंडाला चीक लावला. वार पडेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो, कारण ती कुत्र्याच्या तोंडी लागली की कुत्री त्या गोठ्याची वाट सोडत नाहीत. आत्याबाई शाळेत गेलेल्या नाहीत. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मुलं जे पुस्तकातून शिकतात त्यातलं कितीतरी त्यांच्या बोटांत आहे, आणि अशा बायका प्रत्येक गावात आहेत.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी ही रात्र हिशेबात धरलेली नसते. मधल्या काळात शेळीपालनाची लाट आली. नोकरी सोडून आलेली पोरं, माचणाचे गोठे, सिरोही, बीटल, आणि सगळ्यांत जास्त बोलबाला बोअरचा. बोअर ही दक्षिण आफ्रिकेची मांसाची जात, फलटणच्या निंबकर संस्थेने ती 1990च्या दशकात आपल्याकडे आणून अभ्यासली, त्यांचं काम नेटकं आहे. पण बाजारात शुद्ध बोअर म्हणून जे विकलं गेलं त्यात संकर किती आणि पैदास कुणाची, याचा कागद फार थोड्यांनी मागितला. कागदावरचं गणित सगळीकडे एकच: दोन वर्षांत तीन वेतं, दर वेताला दोन करडं, एका शेळीमागे सहा. मरतूक शून्य किंवा नावाला. मी सहा करडं देणाऱ्या शेळ्या पाहिल्या आहेत, पण कळपातली प्रत्येक शेळी तशी निघाली असं एकाही गोठ्यात पाहिलं नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांच्या गटाला पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं, नंतर शंभर शेळ्यांपासूनचे गटही त्यात आले. राज्याची दहा शेळ्या आणि एका बोकडाची योजना जुनीच. मोठ्या गोठ्यांना माझा विरोध नाही. पण ज्या बाईच्या रानात शेवरीचं एक झाड नाही तिला आधी शेळ्या द्यायच्या आणि चारा तिचा तिने बघायचा, हा क्रम चुकीचा आहे. 2019च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटी सहा लाख शेळ्या मोजल्या गेल्या, 2012 पेक्षा चौथ्या हिश्श्याने जास्त. त्यांतल्या बहुतेक अशाच दोन-चार-दहाच्या दावणींवर आहेत.

सगळ्यांत वाईट आठवण एका पावसाळ्याची. बाजारातून एक पाठ आणली होती, वेगळी बांधली होती. पण आमच्याआधी शेजारच्या वस्तीवर ताप आला. आधी नाकाडोळ्यांतून पाणी, मग शेंबूड घट्ट होऊन नाकपुड्या बंद, तोंडात चट्टे, मग हगवण आणि धाप. पीपीआर. त्या महिन्यात लस मागायला गेलो तर संपलेली होती. मोठ्या शेळ्या बऱ्याचशा वाचल्या, त्यांना आधीची लस होती. करडं मात्र एकेक करून गेली, तीही हिवाळ्यात एवढ्या कष्टाने जगवलेली. माझी मुलगी रोज सकाळी आधी गोठ्यात जायची आणि काही न बोलता परत यायची. पुरापेक्षा, टाळेबंदीपेक्षा या एका पावसाळ्याने आमचं जास्त मोडलं. आणि हे टाळता येणारं होतं. पीपीआरची लस एकदा टोचली की तीन वर्षं तरी राखते. करडाला ती तीन-चार महिन्यांचं झाल्यावर देतात. आंत्रविषाराची मात्र दरवर्षी, पावसाआधी.

2023 साल दोन गोष्टींसाठी लक्षात राहिलं. 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, आणि आमच्या भागातल्या बऱ्याच मुस्लिम बांधवांनी कुर्बानी पुढं ढकलली. बोकड दोन दिवस उशिरा गेले, भाव कुणी पाडला नाही. नंतर पाऊसच झाला नाही. ऑक्टोबरअखेर सरकारने चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात मिरज होतं. 2016ला आम्ही म्हैस विकून शेळ्या आणल्या होत्या. या वेळी शेळ्या कमी केल्या, पण दावण मोडली नाही. लेंडीखताच्या दोन ट्रॉल्या ऑक्टोबरच्या छाटणीआधी द्राक्षवाल्यांनी नेल्या, त्यावर उन्हाळ्याचा कडबा आला.

गाईगुरांची बुळकांडी 2011 साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. पीपीआर तिच्याच कुळातला रोग, आणि 2030पर्यंत तोही संपवायचा संकल्प एफएओ आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने केला आहे. तो आमच्या गोठ्यातूनही संपू शकतो. पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती आहे: लस मे महिन्याच्या अखेरीस गावच्या दवाखान्यात पोचू द्या, जुलैत नको. आणि दावणीला दोनच शेळ्या असलेल्या बायांना सांगणं आहे की लस आली का हे विचारायला अक्षय तृतीयेनंतर लगेच दवाखान्यात जा, चार जणी मिळून जा, आणि नाही म्हणाले तर कधी येणार ती तारीख लिहून घ्या.