पहिले रोख गिऱ्हाईक

महामंडळाचे कर्ज मंजूर होते, गाळा भाड्याने मिळतो, बुद्धवंदना होऊन दुकानाचे उद्‌घाटनही होते. आप्तेष्ट येतात, कौतुक करतात आणि पहिला माल उधारीवर घेऊन जातात. महिना संपतो. कर्जाचा हप्ता दारात उभा असतो, गिऱ्हाईक मात्र नसते. आपल्या अनेक होतकरू तरुणांचा धंदा येथेच बसतो. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ओळखदेख नसताना जो रोख पैसे मोजतो, तेच आपले पहिले गिऱ्हाईक.

असे गिऱ्हाईक कोठे शोधावे? आपल्याच भागातील उदाहरण पाहू. जत्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येतात, चार राहुट्यांत चौकशी करतात, दर ठरवतात आणि सुपारी देतात. फडमालक दारोदार फिरत नाही. पैसे घेऊन निघालेला माणूस जेथे येतो, तेथे तो आधीच जाऊन बसतो. शिवाय विसार हाती पडल्यावरच तारीख पक्की धरतो. नव्या धंदेवाल्याने शिकावे असे हे दोन्ही धडे आहेत.

यात आपल्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. बडोद्याची नोकरी सुटल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-बाजाराविषयी सल्ला देणारी संस्था काढली होती. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेला असा सल्लागार त्या काळी दुर्मीळच. पण तो अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि ती संस्था बंद करावी लागली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेव्हा गिऱ्हाईक फिरकले नाही तर दोष आपल्या कामाचाच असतो असे नाही. उलट, प्रत्येक वेळी जातीकडे बोट दाखवून आपला चुकलेला दर आणि न पाळलेली वेळ झाकणेही बरे नाही. गेलेल्या गिऱ्हाइकाला एकदा नम्रपणे कारण विचारावे.

गावात आपले आडनाव कामाच्या आधी पोहोचते. बाजारात आधी काम दिसते. नाव लपवावे असे मुळीच नाही, पण सुरुवात बाजारापासून करावी. समजा, एखाद्याला फवारणी पंपांची दुरुस्ती येते. त्याने गाळ्याचे भाडे भरण्यापूर्वी टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला किंवा मंचरला बाजाराच्या वाटेवर हत्यारांची पेटी घेऊन बसावे. दहा शेतकऱ्यांना विचारावे, पंपाचे काय बिघडते आणि दुरुस्तीला किती दिवस जातात? तेथल्या तेथे काम करून द्यावे, रोख घ्यावे. मोठे काम असेल तर सुट्या भागांपुरता विसार मागावा. त्यातले तीन-चार जण पुन्हा आले, शेजाऱ्याला घेऊन आले, की मग खुशाल गाळा घ्यावा.

नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरील जुन्नरला ही रीत नवी नाही. येथील लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे. बांबूकाम करणाऱ्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींचाही तेथे उल्लेख आढळतो. दान देण्याइतकी त्यांची ऐपत झाली, ती हातातल्या कामावर आणि रोजच्या गिऱ्हाइकावर. आपल्या तरुणांनीही आधी ते एक गिऱ्हाईक जोडावे. फलक नंतर रंगवता येईल.