नातीला काय न्यावे?

माझा जन्म बलिप्रतिपदेचा. हे वाचून ज्यांना माझा हेवा वाटला असेल त्यांनी जरा थांबावे. दिवाळीच्या पाडव्याला जन्मलेल्या माणसाच्या नशिबी स्वतंत्र वाढदिवस नसतो. लहानपणी मला दिवाळीचा एक सदरा मिळे आणि 'हाच तुझा वाढदिवसाचा' असे वडील बजावून सांगत. थोरल्या भावाने मात्र जन्मासाठी फाल्गुनातली एक बिनसणाची तिथी शोधून काढली होती. त्याला दिवाळीचा सदरा मिळे तो मिळेच, शिवाय फाल्गुनात दुसरा. आज वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीही, वर्गात रससिद्धांत शिकवताना करुण रसाचे उदाहरण शोधू लागलो की मला तो दुसरा सदरा आठवतो.

ही जुनी जखम उघडी करण्याचे कारण असे की, गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीच्या मुलीचा पहिला वाढदिवस आला, आणि तोही नेमका २४ तारखेला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी. भाचीचे यजमान अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई ज्या नगरात नांदली तिथले हे घर, म्हणून मराठीचा अध्यापक या नात्याने मला ते पहिल्यापासून जवळचे वाटे. माझ्या बहिणीला तसे वाटायला थोडा वेळ लागला. पण नात झाली आणि तो प्रश्न परस्पर सुटला. जावईबापू सरकारी आरोग्यखात्यात आहेत आणि नोकरीचे ठिकाण आहे गडचिरोली जिल्ह्यातले भामरागड. 'मामा, मामी, वाढदिवसाला यायचंच,' असे भाचीने फोनवर बजावले. जायचे तर ठरलेच. प्रश्न एकच उरला : नातीला काय न्यावे?

वाचकांपैकी ज्यांच्यावर हा प्रसंग आला असेल त्यांना ठाऊक आहे की, एक वर्षाच्या मुलाइतके संतुष्ट गिऱ्हाईक जगात दुसरे नाही, आणि म्हणूनच त्याच्यासाठी खरेदी करणे महाकठीण. मी सुचवले, पुस्तक न्यावे. सौभाग्यवती म्हणाली, 'ती खाईल.' मी चांदीच्या वाळ्यांचे नाव काढले. चांदीचे वाळे, कमरेचा करगोटा, चांदीची वाटी आणि चमचा हा तर मामाकडचा परंपरागत आहेर. त्यावर तिने सोनाराच्या दुकानातच एक घुंगरू नखाने ओढून पाहिले आणि ते सहज हातात आले. एक वर्षाचे मूल जगाचे ज्ञान तोंडाने मिळवते. सव्वा इंचाहून लहान कोणतीही वस्तू त्याच्या हाती देऊ नये असा साधा ठोकताळा आहे, कारण तेवढी वस्तू घशात अडकू शकते. आमचे वाळे मग बिनघुंगरांचे, साधे आणि पुढे सैल करता येतील असे घेतले गेले.

खेळण्यांच्या दुकानात तर डोके भिरभिरले. एक बाहुली पोट दाबताच इंग्रजीत गाऊ लागली. तिच्या पाठीत बटणाएवढा सेल होता आणि त्याचे झाकण अंगठ्याने निघत होते. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते, हे मला जावईबापूंनी पूर्वी सांगितले होते. बाहुली परत फळीवर गेली. मग चाकांचा वॉकर पुढे आला. त्यालाही जावईबापूंचा विरोध : पायांत बळ येण्याआधीच मूल त्यात बसून वेगाने पायऱ्यांकडे किंवा चुलीकडे धावते. कॅनडाने २००४ सालापासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्याहून शहाणा. तो मुलाला बसवून पळवीत नाही; मूल स्वतःच्या पायांवर उभे राहिले तरच तो पुढे सरकतो.

शेवटी दुकानदाराने एक लाल झगा पसरला. पांढरी मऊ किनार, वर गोंड्याची टोपी. 'साहेब, हे घ्या,' तो म्हणाला, 'वाढदिवसालाही चालेल, नाताळालाही चालेल!'

बस्स! मी पिशवी उचलून सरळ दुकानाबाहेर पडलो.

त्या रात्री मी भाचीलाच फोन लावला. वास्तविक हे मी आधीच करायला हवे होते. पण आपल्याकडे भेट काय हवी हे विचारणे कमीपणाचे समजतात आणि नको असलेली वस्तू देणे मोठेपणाचे. भाची म्हणाली, 'मामा, खरंच विचारताय तर सांगते. मच्छरदाणी आणा. मोठी, औषध लावलेली. आमची लहान पडते. ही आता झोपेत लोळत कडेला जाते. हात जाळीला टेकला की डास बाहेरूनच चावतो.'

वाढदिवसाला मच्छरदाणी! मला वाटले, हिला संकोच वाटत असावा. पण घेतली. तिच्याबरोबर माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घेतली, कारण त्या रानात डिसेंबरची थंडी बोचरी असते. पुस्तकावरही तडजोड झाली : जाड पुठ्ठ्याचे, प्राण्यांच्या चित्रांचे, खाल्ले तरी आठवडाभर टिकेल असे.

२३ तारखेला पहाटे आम्ही चंद्रपूर सोडले. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी अशी गावे मागे पडली. आलापल्ली ओलांडली की दोन्ही बाजूंनी साग आणि ऐन रस्त्यावर झुकतात. दुपार कलता कलता हेमलकसा आले. तिथे जावईबापू आम्हाला घ्यायला थांबले होते. 'आज २३ डिसेंबर,' ते म्हणाले, 'आज या प्रकल्पाचाही वाढदिवस.'

खरेच की! १९७३ सालच्या २३ डिसेंबरला बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली. गडचिरोली हा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता. तो चंद्रपुरातून १९८२ साली निघाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी शहरातली वैद्यकी बाजूला ठेवून इथल्या माडिया गोंडांमध्ये, झोपडीत राहून दवाखाना मांडला. पुढे शाळा निघाली. त्या शाळेतून शिकलेली मुले डॉक्टरही झाली. त्या दोघांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे वाचकांना ठाऊक असेलच. आवारात आम्ही प्रकल्पातले प्राणी पाहिले. त्या प्राणिसंग्रहाची सुरुवातही एका तान्ह्या जिवापासून झाली आहे. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिचे जिवंत पिल्लू तिला लुचत होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले आणि वाढवले. मग लोक जंगलातली पोरकी पिल्ले त्यांच्याकडे आणून देऊ लागले.

जावईबापूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. इथल्या माणसांच्या अंगावर पुरेसे कापड नाही, हे पाहून प्रकाश आमट्यांनी बनियन आणि अर्धी विजार हाच आपला कायमचा वेष ठरवला. हे ऐकताना सौभाग्यवतीने मांडीवरची पिशवी हळूच पायांपाशी सरकवली. तेव्हा मला कळले की, मी दुकानाबाहेर पडल्यावर ती तिथे पाच मिनिटे मागे का रेंगाळली होती. लाल झगा आमच्याबरोबर हेमलकशापर्यंत आला होता.

हेमलकसा आणि भामरागड यांच्या मध्ये पर्लकोटा नदी आहे. थोडे पुढे इंद्रावती आणि पामुलगौतम यांच्याशी तिचा संगम होतो. डिसेंबरात ती शहाण्या मुलीसारखी तळाशी वाहत होती. पुलावर जावईबापूंनी गाडी हळू केली. 'ऑगस्टात पाणी या पुलावरून वाहत होतं,' ते म्हणाले, 'आणि त्याच रात्री बाळाला ताप भरला.'

हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. बाळ तेव्हा आठ महिन्यांचे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर टाकला, तर हिवताप निघाला. तोही मेंदूपर्यंत जाऊ शकणाऱ्या जातीचा. औषध घरात होते, कारण बाप आरोग्यखात्यातला. पण वाढले असते तर न्यायचे कुठे? मध्ये नदी. दोन रात्री नवराबायको बाळाशेजारी आळीपाळीने बसून होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि मग पूरही. 'तुमच्या भाचीनं तेव्हा ठरवलं,' ते म्हणाले, 'वाढदिवसाला मोठी जाळी.'

मी मागच्या बाजूला ठेवलेल्या त्या गाठोड्याकडे पाहिले. दुकानात मला त्याची लाज वाटली होती.

रात्री जेवणानंतर जावईबापूंशी बोलत बसलो. बालमृत्युदर हा शब्द मी वर्तमानपत्रांत शेकडो वेळा वाचला असेन; त्याचा नेमका अर्थ त्या रात्री कळला. जिवंत जन्मलेल्या हजार मुलांपैकी जितकी पहिला वाढदिवस पाहत नाहीत, तितका तो आकडा. म्हणजे पहिला वाढदिवस ही सरकारदरबारीही एक वेस आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत मोजणी केली, तेव्हा १९८८ साली हा आकडा १२१ निघाला. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. त्यांच्या पिशवीत काय होते? बाळाला तोलायचा तराजू, तापमापक, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी आणि काही औषधे. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल आला : नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या गावांतला बालमृत्युदर २००३ पर्यंत ३० वर आला. बाळासाठी नेलेल्या भेटींच्या याद्या मी जन्मात बऱ्याच ऐकल्या. इतकी नेमकी यादी एकही ऐकली नव्हती.

२४ तारीख उजाडली. विहीणबाई आधीच अहिल्यानगरहून आल्या होत्या, नाताळचा फराळ घेऊन. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. डोळे मिटून खाल्ले असते तर मला दिवाळीच वाटली असती. औक्षण झाले, केक कापला गेला. बाळाने केकपेक्षा ताटलीत जास्त रस दाखवला. कुणी तरी जंगलातला मध आणून दिला होता. जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची आपल्याकडची रीत. पण वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, त्यातून क्वचित जिवावरचा आजार होतो, म्हणून भाचीने वर्षभर बाटलीचे बूच उघडले नव्हते. त्या दिवशी उघडले आणि बोटभर मध चाटवला. बाळाने आधी तोंड वाकडे केले, मग बोट सोडीना.

भेटी निघाल्या, तेव्हा सौभाग्यवतीने चाचरत लाल झगाही काढला. विहीणबाईंनी तो हातात घेऊन घडी घातली आणि फळीवर ठेवला. 'हा उद्याचा,' त्या म्हणाल्या. 'आमच्याकडे हे दोन दिवस मिसळत नाहीत. माझा धाकटा दीर नाताळचा जन्मलेला. आयुष्यभर एका सदऱ्यावर त्याची दोन्ही कामं झाली. अजून बोलून दाखवतो.' मला त्या अपरिचित गृहस्थाविषयी अपार बंधुभाव वाटला.

मग मच्छरदाणी उलगडली गेली. मी क्षमा मागण्याच्या सुरात काही बोलू लागलो, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, 'मामासाहेब, येशूला तरी काय मिळालं? सोनं, ऊद आणि गंधरस. बाळाच्या उपयोगाचं त्यात काय होतं?' त्या निवृत्त शिक्षिका असल्याने प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ते ज्ञानी लोक गोठ्यात येत नाहीत, घरात येतात. ते किती जण होते हेही तिथे दिलेले नाही. पुढे हेरोद राजा दोन वर्षांपर्यंतची मुले मारण्याचा हुकूम काढतो. त्यावरून काहींना वाटते की, ते आले तेव्हा बाळ वर्षा-दीड वर्षाचेही असेल. मला आपला कंस आठवला. 'आणि त्याच रात्री त्यांना मिसरात पळावं लागलं,' विहीणबाई म्हणाल्या. 'तेव्हा ते सोनं आईबापांच्या कामी आलं असेल, असं मला नेहमी वाटतं. पहिल्या वाढदिवसाची भेट आईच्या हातात द्यायची असते.'

संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरची एक माडिया बाई आली. कडेवर तिचे स्वतःचे मूल होते. तिने बाळापुढे वाळलेल्या भोपळ्याचा एक लहानसा तुंबा ठेवला. बाळाने तो दोन्ही हातांनी उचलून चाटला आणि मग जमिनीवर आपटायला सुरुवात केली. आमची सगळी खरेदी त्या आवाजापुढे मुकाट पडून राहिली. बाईने बाळाची पावले दाबून पाहिली, दोन बोटे धरून तिला उभे केले आणि मान डोलावली. भाचीला तिची बोली थोडी येते. तिच्या मुलाचा जन्म कधीचा, असे भाचीने विचारले, तर म्हणाली, मोह गळत होता तेव्हाचा. मुले किती, यावर तिने पाच बोटे दाखवली आणि त्यातली दोन मिटली.

त्या रात्री आमची नात नव्या जाळीच्या मधोमध, पणजीच्या गोधडीखाली, हातपाय पसरून झोपली. लोळली तरी कड लांब होती. दुसऱ्या दिवशी जुनी लहान जाळी घरात दिसली नाही. मी विचारले नाही; बाईच्या कडेवरचे मूल त्या जाळीत मावण्याएवढेच होते.

मार्चअखेर भाचीचा फोन आला : 'मामा, मोह गळायला लागला.' आम्ही टपालाने एक पुडके पाठवले. आत एक मोठी जाळी आणि दोन झबली. ती झबली कोणत्याही सणाची नव्हती, हे मी चिठ्ठीत मुद्दाम लिहिले. भाचीने कळवले की, तो मुलगा आता उंबरा ओलांडतो.

यंदाची बलिप्रतिपदा जवळ आली आहे. हा अंक घरी येताच मी तो सौभाग्यवतीच्या हाती देणार आहे, आणि 'आमच्याकडे हे दोन दिवस मिसळत नाहीत' या विहीणबाईंच्या वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढणार आहे. माझ्या सदऱ्याचे माप तिला ठाऊक आहे.