छोटे धक्के बसले म्हणजे मोठा भूकंप टळला? गणित काय सांगतं बघा

२१ मार्च २०२४, सकाळचे ६ वाजून ८ मिनिटं. अर्धापूर, नांदेड, हिंगोली परिसरात जमीन हादरली. केंद्र हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूर परिसरात, तीव्रता ४.५. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का, ३.६ चा.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: "छोटे धक्के येऊ द्या, जमिनीतलं प्रेशर निघून जातं." हे खरं आहे का?

भूकंप भ्रंशावर होतो. भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू ताण वाढला की एकदम सरकतात. गुटेनबर्ग आणि रिश्टर या शास्त्रज्ञांनी भूकंपांच्या नोंदी मोजल्या, तेव्हा एक नियम दिसला: तीव्रता १ ने कमी झाली की भूकंपांची संख्या साधारण १० पट होते. म्हणजे ६ चा एक, तर ५ चे दहा आणि ४ चे शंभर. मोठ्या प्रदेशात, बऱ्याच वर्षांच्या नोंदी घेतल्या की हे प्रमाण दिसतं. एकाच भ्रंशावर ते जुळेलच असं नाही.

आता ऊर्जा बघा. तीव्रता १ ने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, २ ने वाढली की १००० पट. म्हणजे ६.२ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ४.२ चे हजार धक्के लागतील. पण नियमाप्रमाणे येतात शंभरच! म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. प्रेशर निघून जाण्याचा हिशोब इथेच फसतो.

किल्लारीचंच बघा. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९२ मध्ये छोटे धक्के बसले होते. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली.

मग प्रत्येक छोट्या धक्क्यानंतर मोठा येणारच का? तसंही नाही. बहुतेक वेळा पुढे काहीच घडत नाही. कोणता धक्का कशाची सुरुवात आहे, हे आधी ओळखता येत नाही.

म्हणून तयारी आपल्या हातात. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये भूकंपाचे अलर्ट चालू आहेत का बघा. हा अलर्ट भविष्य सांगत नाही. भूकंप सुरू झाल्यावर, हादरे पोचण्याआधी काही सेकंद मिळू शकतात, एवढंच. आणि घरावरच्या पत्र्यांवर वाऱ्यासाठी दगड ठेवले असतील, तर ते आजच उतरवा. पत्रे नट-बोल्टने पक्के करा.