गुडघे दुखतात? बसून राहू नका!

नांदेड, लातूरकडं सोयाबीनची खुरपणी, काढणी म्हणजे दिवसभर उकिडवं बसणं. साठी ओलांडली की गुडघे कुरकुरू लागतात. मग लेकरं म्हणतात, "माय, आता बाजेवरून उठू नको." हाच सल्ला नडतो. बसून बसून मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि सांध्यावर जास्त ताण येतो.

खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजावेत, हळूच खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट वाटेनं जमेल तेवढं चालावं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. अंग जड असेल तर एक किलो वजन उतरताच दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. किनवट तालुक्यात उनकेश्वरच्या गरम झऱ्यांवर लोक जातात. तसा उबेचा आराम घरच्या शेकानंही मिळतो. मात्र सांधा लाल होऊन सुजला, ताप आला, तर शेकत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

संडासात उकिडवं बसवत नाही म्हणून म्हातारं माणूस पाणी पिणंच कमी करतं. सरपंचांनी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सार्वजनिक शौचालयात भिंतीला धरायला पाइप आणि एक भोकाची खुर्ची एवढी सोय करून द्यावी.