विश्लेषण : सरासरीच्या वर-खाली दोन वेगळ्या लांबीचे ‘एरर बार’ कसे काढायचे?

सोयाबीनच्या पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ओल्या गोणपाटावर दाणे मांडायचे, काही दिवसांनी कोंब मोजायचे आणि टक्केवारी काढायची. सोयाबीनसाठी ७० टक्के ही किमान पातळी धरतात. आकडा त्याखाली गेला तर एकरी बियाणे वाढवावे लागते.

समजा, तीन पिशव्यांतले दाणे तपासले. पहिल्या पिशवीतले २० पैकी १९ दाणे उगवले, दुसऱ्यातले २० पैकी १६ आणि तिसऱ्यातले १०० पैकी ८०. म्हणजे उगवण अनुक्रमे ९५, ८० आणि ८० टक्के. तिन्ही आकडे सत्तरच्या वर आहेत. तरीही तिन्ही पिशव्या सारख्याच भरवशाच्या नाहीत. हा फरक आलेखावर दाखवण्याचे काम ‘एरर बार’ करतात, पण ते नीट काढले तरच.

एरर बार काय सांगतो?

उगवलेल्या दाण्याला १ आणि न उगवलेल्याला ० असा गुण दिला, तर उगवणीची टक्केवारी ही या गुणांची सरासरीच असते. मात्र ती मोजक्या दाण्यांवरून काढलेली असते. सबंध पिशवीचा खरा आकडा तिच्या थोडा वर किंवा खाली असू शकतो. तो साधारण कुठून कुठपर्यंत असेल, हे सरासरीच्या बिंदूतून निघणारी उभी रेघ दाखवते. तीच एरर बार. बहुतेक वेळा ती ९५ टक्के पातळीची असते. म्हणजे अशाच १०० चाचण्या घेतल्या, तर त्यातल्या सुमारे ९५ चाचण्यांत खरा आकडा त्या रेघेच्या आत सापडेल.

दोन्ही बाजू सारख्या का नसतात?

पाठ्यपुस्तकातले नेहमीचे सूत्र सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखीच लांबी देते. पहिल्या पिशवीला ते लावले तर बार सुमारे ८५.५ पासून १०४.५ टक्क्यांपर्यंत जातो. शंभर दाण्यांतून एकशे चार कोंब कसे येणार? वर शंभरची भिंत आहे आणि खाली मोकळी जागा. त्यामुळे अनिश्चितता खालच्या बाजूला जास्त पसरते.

अमेरिकी गणिती एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये सुचवलेली पद्धत हे लक्षात घेते. ती प्रश्न उलटा विचारते : पिशवीची खरी उगवण किती असेल, तर २० पैकी १९ हा निकाल येणे पटण्यासारखे आहे? खरी उगवण पूर्ण १०० टक्के असती तर एकही दाणा वाया गेला नसता, म्हणून १०० बाद. खरी उगवण ८० टक्के असली तरी २० पैकी १९ किंवा जास्त दाणे उगवण्याची शक्यता साधारण ७ टक्के उरते, म्हणून ८० बाद करता येत नाही. या पद्धतीने येणारे ९५ टक्के पातळीचे पट्टे असे :

• पहिली पिशवी (९५ टक्के) : ७६.४ ते ९९.१. खाली १८.६, वर ४.१.
• दुसरी पिशवी (८० टक्के) : ५८.४ ते ९१.९. खाली २१.६, वर ११.९.
• तिसरी पिशवी (८० टक्के) : ७१.१ ते ८६.७. खाली ८.९, वर ६.७.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पिशवीची सरासरी एकच आहे. पण तिसरीचा बार सत्तरच्या वर थांबतो, तर दुसरीचा थेट अठ्ठावन्नपर्यंत उतरतो. दुसरी पिशवी किमान पातळीला उतरते की नाही, हे वीस दाण्यांवरून ठरवता येत नाही.

टक्केवारीपुरताच हा प्रकार नाही. पाण्यातल्या जिवाणूंची संख्या दहापटींनी बदलते. तीन नमुन्यांत १०, १०० आणि १,००० असे आकडे आले, तर त्यांची गुणोत्तर सरासरी १०० येते. लॉगरिदमच्या मापात एक प्रमाण विचलन खाली गेले की १० आणि वर गेले की १,०००. म्हणजे साध्या अक्षावर बार खाली ९० आणि वर ९००.

एक्सेलचा तयार पर्याय का फसवतो?

एक्सेलमध्ये आलेखाला एरर बार जोडले की ‘स्टँडर्ड एरर’ हा पर्याय आपोआप लागतो. पण किती दाणे तपासले, हे एक्सेलला माहीत नसते. त्याच्यासमोर ९५, ८०, ८० एवढे तीनच आकडे असतात आणि तो त्यांच्याच आपसातल्या फरकावरून हिशोब करतो. या तीन आकड्यांची स्टँडर्ड एरर ५ येते, आणि तीच तिन्ही बिंदूंना वर-खाली लागते.

परिणाम काय होतो? दुसऱ्या पिशवीचा बार ७५ ते ८५ असा दिसतो आणि ती सहज उत्तीर्ण झाल्यासारखी वाटते. आलेख नीटनेटका असतो, निष्कर्ष मात्र चुकीचा. सगळ्या बिंदूंचे बार अगदी एकाच लांबीचे दिसले, तर आधी हाच संशय घ्यावा.

स्वतःचे आकडे कसे भरायचे?

आधी तक्त्यात दोन वेगळे रकाने करावेत. एकात ‘सरासरी वजा खालचे टोक’, दुसऱ्यात ‘वरचे टोक वजा सरासरी’. दोन्ही आकडे धनच ठेवायचे. मग एक्सेलमध्ये एरर बारच्या ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये ‘कस्टम’ निवडून ‘स्पेसिफाय व्हॅल्यू’वर जावे. ‘पॉझिटिव्ह’च्या चौकटीत वरच्या लांबीचा रकाना द्यायचा, ‘निगेटिव्ह’च्या चौकटीत खालच्या लांबीचा. या चौकटींत आधीपासून १ हा आकडा असतो. एकच चौकट भरली तर दुसरी बाजू एका एककाचीच राहते.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये ‘सेल रेंज’ हा पर्याय घ्यावा आणि दोन्ही बाजूंना एकच मूल्य वापरण्याची खूण काढून टाकावी. ती राहिली तर बार पुन्हा सारखेच येतात.

लांबी द्यायची की टोक?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. एक्सेल, कॅल्क आणि पायथॉनमधले मॅटप्लॉटलिब लांबी मागतात. मॅटप्लॉटलिबला दोन ओळी द्याव्या लागतात, पहिली खालच्या लांबीची आणि दुसरी वरच्या. याउलट ग्नूप्लॉटला चार रकान्यांची माहिती दिली, तर तिसरा आणि चौथा रकाना म्हणजे प्रत्यक्ष खालचे आणि वरचे टोक असते. आर भाषेतले जीजीप्लॉटही टोकेच मागते.

एक्सेलला लांबीऐवजी टोक दिले तर पहिल्या पिशवीचा बार ९५ अधिक ९९.१, म्हणजे १९४ च्या पुढे जातो. ही चूक लगेच दिसते. वरची आणि खालची लांबी अदलाबदल झाली तर मात्र ती लपू शकते. दुसऱ्या पिशवीचा बार मग ६८.१ पासून सुरू होतो, आणि पाहणाऱ्याला तो जवळजवळ काठावर उत्तीर्ण वाटतो. म्हणून आलेख तयार झाल्यावर एका तरी बिंदूची दोन्ही टोके अक्षावर वाचून तक्त्याशी ताडून पाहावीत.

मोठ्या संशोधनात हे दिसते का?

दिसते, आणि ठळकपणे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या. या प्रकल्पाची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्या लहरींच्या उगमाचे अंतर ४१० मेगापार्सेक, अधिक १६० आणि उणे १८०, असे दिले होते. मोठ्या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या ३६ पट, अधिक ५ आणि उणे ४. हे पट्टे ९० टक्के पातळीचे आहेत, हेही तिथेच नमूद होते.

ही शेवटची सवय प्रत्येक आलेखाला लागू पडते. बार म्हणजे प्रमाण विचलन, स्टँडर्ड एरर की ९५ टक्के पातळीचा पट्टा, आणि तो किती नमुन्यांवरून काढला, हे आलेखाखाली लिहिलेच पाहिजे. नाहीतर वाचणारा त्या रेघेचा हवा तो अर्थ लावतो.

तीन पिशव्यांच्या आलेखाचा अर्थ आता सरळ लागतो. पहिली आणि तिसरी पिशवी पेरणीला चालेल. दुसरी नाकारायची नाही, पण तिच्यावर भरवसाही ठेवायचा नाही. तिचे आणखी ८० दाणे ओल्या गोणपाटावर मांडून मगच एकरी बियाणे किती घ्यायचे ते ठरवावे.