विद्यार्थ्यांचे मत : कारण, आकडा आणि पत्ता

आपल्या संस्थेने यंदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा घेतली. विषय होता, 'आजचे प्रश्न आणि माझे मत'. सामाजिक, आर्थिक किंवा पर्यावरणाचा कोणताही प्रश्न निवडण्याची मुभा होती. निबंध तपासण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले. मी प्राध्यापक नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत लिपिक म्हणून नोकरी करणारा साधा सभासद आहे. तरीही निबंधांचा गठ्ठा घरी आणला आणि रोज रात्री जेवणानंतर थोडे थोडे वाचत गेलो. वाचताना जे जाणवले, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. गठ्ठ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीचा निबंध होता. जेमतेम दीड पान, सुविचार नाही, अलंकार नाही. तिने सरळ लिहिले होते की, शिष्यवृत्ती आलेली नाही, महाविद्यालय फी मागते आहे, वडील म्हणतात की पुढच्या वर्षी घरी बस, आणि सरकारला आम्हाला शिकवायचेच नाही असे माझे मत आहे. मी तिला कमी गुण दिले. कारण दुसऱ्या काही निबंधांत 'समाज कोठे चालला आहे?' अशी भारदस्त सुरुवात होती आणि अक्षरही सुरेख होते. दोन दिवसांनी पुन्हा चाळताना माझ्या लक्षात आले की, भारदस्त निबंधांतील एकही वाक्य लिहिणाऱ्याच्या घरातून आलेले नव्हते. या मुलीचे प्रत्येक वाक्य तिच्या घरातून आले होते. मी गुण बदलले. परंतु गुण बदलून तिचा प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून तिला पासबुक घेऊन संस्थेच्या कार्यालयात बोलाविले.

शिष्यवृत्तीचा प्रश्न

आर्थिक प्रश्नावर लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी शिष्यवृत्तीचा उल्लेख केला आहे. काहींनी वर्गातील मित्रांचे टोमणे लिहिले आहेत की, 'तुम्हाला काय, सगळे फुकट मिळते.' या टोमण्याला रागाने उत्तर देण्यापेक्षा माहितीने उत्तर द्यावे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. आज अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला ही शिष्यवृत्ती मिळते. अभ्यासक्रमाची ठरलेली फी भरली जाते व त्याशिवाय भत्ता मिळतो. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साध्या बी.ए.ला घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा भत्ता वर्षाला ३,००० रुपये ठरला. म्हणजे महिन्याला २५० रुपये! 'सगळे फुकट' म्हणणाऱ्या मित्रापुढे हा आकडा शांतपणे ठेवावा.

आता पैसे येतात कसे ते पाहू. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या योजनेचा खर्च केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असा वाटून घेण्याचा निर्णय केला. आपल्या राज्यात अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. तो आधी महाविद्यालयाचा लिपिक तपासतो, मग प्राचार्य, आणि मग समाजकल्याण खात्याचे सहाय्यक आयुक्त. यांपैकी एका टेबलावर अर्ज थांबला की पुढचे सगळे थांबते.

शेवटचा टप्पा बँकेचा. येथे मी अधिकाराने बोलू शकतो. शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकावरून येते. एका वेळी आधार एकाच बँकेशी या कामासाठी जोडलेला असतो आणि जेथे तो शेवटी जोडला गेला, तेथेच पैसे जातात. खाते उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. त्यासाठी वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. पूर्वी शाळेत असताना उघडलेले खाते दोन वर्षे न वापरल्यामुळे निष्क्रिय होई आणि पैसे अडकत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये सूचना काढून शिष्यवृत्तीसाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती अशी निष्क्रिय ठरवू नयेत असे सांगितले. ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे आणि गरज पडल्यास काउंटरवर सांगावेही.

त्या मुलीच्या बाबतीत काय निघाले? तिचा आधार सातवीत असताना उघडलेल्या दुसऱ्या बँकेतील खात्याशी जोडलेला होता. मागच्या वर्षाची काही रक्कम तेथे जमा होऊन पडली होती. घरात कोणाला पत्ता नव्हता. मात्र यंदाचा अर्ज खरोखरच महाविद्यालयाच्या पातळीवर महिनोन्‌महिने पडून होता. म्हणजे तिचे मत अर्धे चूक होते आणि अर्धे बरोबर. 'सरकारला शिकवायचेच नाही' या वाक्याला कोणीही उत्तर देत नाही, कारण ते कोणाला उद्देशून नसते. 'माझा अर्ज अमुक तारखेपासून तुमच्याकडे प्रलंबित आहे, कारण कळवावे' या वाक्याला उत्तर द्यावे लागते. तिने तसे पत्र स्वतः लिहिले. वडिलांनी 'परीक्षेपर्यंत बघू' एवढे कबूल केले आहे. पुढचे आपल्या सर्वांवर अवलंबून आहे.

दोघा-तिघांनी लिहिले आहे की, घरदार तारण ठेवल्याशिवाय बँक शैक्षणिक कर्ज देत नाही. हे मत बदलण्याजोगे आहे. बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्ता तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असावे लागतात. साधारणपणे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. पण शिक्षण चालू असतानाही व्याजाची आकारणी होत असते, ही गोष्ट घरी बसून आधी समजून घ्यावी. कर्ज ही शिष्यवृत्ती नव्हे. जेथे शिष्यवृत्तीचा हक्क आहे, तेथे आधी तो वसूल करावा.

कचऱ्याचा डोंगर आणि दोन मते

पर्यावरणावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी 'झाडे लावा, झाडे जगवा' हेच लिहिले. ते चांगलेच आहे. पण देवनारच्या डम्पिंगजवळ राहणाऱ्या दोघांनी कचऱ्यावर लिहिले आणि दोघांची मते परस्परविरुद्ध निघाली. मुलीचे म्हणणे असे की, घरात धाकट्या भावाला दम्याचा त्रास आहे, डम्पिंग बंदच झाले पाहिजे. मुलाचे म्हणणे असे की, त्याची आई कचरा वेचते, डम्पिंग उद्या बंद झाले तर चूल कशी पेटेल?

देवनारला मुंबईचा कचरा टाकायला सुरुवात झाली १९२७ साली. आपल्या लोकांना १९२७ हे साल सांगावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणुसकीचा हक्क सांगितला गेला. स्वच्छ पाण्याचा आणि स्वच्छ हवेचा हक्क वेगळा नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली, धूर शहरभर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा साऱ्या मुंबईला देवनार आठवले. तेथे राहणाऱ्यांना ते रोजच आठवते.

या दोन निबंधांपैकी खरा कोणता? दोन्ही. भांडण मुलगी आणि मुलगा यांच्यात नाहीच. कचरा घरातच वेगळा न करता एकत्र फेकणारे शहर एका बाजूला आणि त्या ढिगात हात घालणारी आई व त्या ढिगाचा धूर घेणारा भाऊ दुसऱ्या बाजूला, असा हा प्रश्न आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. सुका कचरा वेगळा आला तर तो वेचण्यासाठी धुरात उभे राहावे लागत नाही. शेडमध्ये बसून, हातमोजे घालून तेच काम करता येते. म्हणजे मुलीची मागणी आणि मुलाची मागणी एकाच अर्जात लिहिता येते. दोघांना मी समोरासमोर बसविले, तेव्हा त्यांनीच हे शोधून काढले. मी फक्त चहा सांगितला.

जे मित्रांना सांगता येत नाही

सामाजिक प्रश्नावरील एका निबंधावर नाव नव्हते. लिहिणाऱ्याचे वडील सफाई कामगार आहेत. महाविद्यालयात कोणी विचारले तर तो 'वडील महापालिकेत आहेत' एवढेच सांगतो. हे वाचून मी बराच वेळ पुढचा निबंध उघडला नाही. माझ्या कॉलेजच्या दिवसांत मीही वडिलांच्या कामाबद्दल असेच मोघम उत्तर देत असे.

त्या अनामिक मित्राला सांगावेसे वाटते की, लाज कोणाला वाटली पाहिजे, याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. हाताने मैला साफ करण्यास माणूस लावणे आणि सुरक्षेची साधने न देता गटारात व सेप्टिक टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गुन्हा उतरणाऱ्याचा नाही, उतरविणाऱ्याचा आहे. गटारात मृत्यू आल्यास वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. न्यायालयाला हे पुन्हा सांगावे लागले, यावरून माणसे मरणे थांबलेले नाही हे उघड आहे. या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असावी लागते. आपल्या जिल्ह्यात ती आहे काय, तिच्या बैठका कधी झाल्या, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

मत कसे बनवावे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. विद्यार्थ्यांना मते नसतात, ती मुले मोबाईलमध्ये बुडालेली असतात, असे आपण वडीलधारी मंडळी सरसकट म्हणतो. हे निबंध वाचल्यावर मला तसे म्हणवत नाही. मते आहेत, आणि ती जगण्यातून आलेली आहेत. कमतरता असलीच तर त्या मतांना उभे राहायला जमीन मिळत नाही, ही आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे मताला तीन गोष्टींचा आधार लागतो. पहिली, कारण. असे का होते, हे शोधले पाहिजे. दुसरी, आकडा. किती रुपये, किती दिवस, कोणते साल. तिसरी, पत्ता. हे बदलणे कोणाच्या हातात आहे. कारण नसेल तर मत म्हणजे नुसता राग. आकडा नसेल तर समोरचा हसून टाळतो. पत्ता नसेल तर मत घरातल्या घरात फिरत राहते. पत्ता शोधण्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तीही माफ, आणि तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन.

कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना हेच समजावले आहे की, ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा सांगणारा मोठा म्हणून एखादी गोष्ट मानू नये, स्वतः तपासून मानावी. आज ऐकीव गोष्टी खिशातल्या मोबाईलवर येतात, एवढाच फरक. आपल्या बाजूची गोष्टसुद्धा तपासून पुढे पाठवावी. एक खोटा आकडा दहा खऱ्या आकड्यांची पत घालवतो, हे बँकेत काम करणारा माणूस रोज पाहतो.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. म्हणजे विद्यार्थ्याने मत मांडावे आणि समोरून येणारे विरोधी मतही ऐकावे, हा त्याच्या शिक्षणाचाच भाग मानला गेला होता.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी घरात एखाद्या प्रश्नावर बोलू लागली तर 'तू आधी अभ्यास कर' म्हणून गप्प करू नका. तिला विचारा, असे का वाटते? कशावरून? कोणाकडे जायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हाही अभ्यासच आहे.

कार्यकारिणीने मान्यता दिल्यास पुढील वर्षीच्या स्पर्धेत प्रत्येक निबंधासोबत एक अर्ज जोडावा, अशी माझी सूचना आहे. ज्या प्रश्नावर निबंध, त्याच प्रश्नावर संबंधित अधिकाऱ्याला लिहिलेला खराखुरा अर्ज. पन्नास गुण निबंधाला, पन्नास अर्जाला. तोपर्यंत ज्यांची शिष्यवृत्ती अडली आहे, त्यांनी पासबुक, आधार आणि महाडीबीटीच्या अर्जाची प्रत घेऊन रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात यावे. मी तेथे असतो. आणि ज्या मित्राने निबंधावर नाव लिहिले नाही, त्याचे बक्षीस कपाटात ठेवले आहे. त्याने येऊन नाव सांगावे आणि ते घेऊन जावे.